चार तक्रारी

टेलरबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि इमारतीच्या मॅनेजरने दिलेली नोटीस दारातच उभं राहून वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. आत मशीनवर शाळेचा एक गणवेश अर्धा शिवून पडला होता.

"चार तक्रारी?" त्या म्हणाल्या. "मी?"

मॅनेजरने पोचपावती पुढे केली. नियम त्याचा नव्हता. ही चाळीस घरांची इमारत ज्या गुंतवणूकदारांची होती, त्यांनी ती फोटोतच पाहिली होती. त्यांच्या कंपनीने महिन्यापूर्वी फतवा काढला: वर्षात तीनपेक्षा जास्त तक्रारी करणारा भाडेकरू कटकट्या समजावा, त्याचा करार पुढे वाढवू नये. डोकं चाललं म्हणायचं. घर दुरुस्त करण्यापेक्षा घरातला माणूस बदललेला सोपा. कॉम्प्युटरने यादी काढली आणि त्या यादीत एकच नाव आलं, या बाईंचं.

"अहो, मी एकदाच सांगितलं होतं. छत गळतंय म्हणून. ते बघा, अजून गळतंय."

मशीनपासून हातभर अंतरावर ठेवलेल्या पातेल्यात थेंब पडत होता. वरच्या बाथरूमचा पाइप फुटलाय हे मॅनेजरला चांगलंच ठाऊक होतं.

"मग बाकीच्या तीन कुणी केल्या माझ्या नावावर?"

"मीच केल्या, मावशी."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला.

"कंपनीतून कुणी दाद देईना," तो म्हणाला. "त्यांनी हो म्हटल्याशिवाय मला प्लंबर बोलावता येत नाही. म्हटलं, दर महिन्याला तीच तक्रार नव्याने टाकली तर कधीतरी कुणाला लाज वाटेल. तेव्हा हा नियम नव्हता."

"नऊ वर्षं झाली मला इथं. सगळं गिऱ्हाईक याच गल्लीतलं. महिनाअखेर हे मशीन उचलून कुठं जाऊ? तुम्हीच सांगा."

"मी कळवलं ना त्यांना. त्या तिन्ही माझ्या आहेत, मावशींचं नाव काढा म्हणून." त्याचा आवाज चढला. "तर म्हणतात, नोंद भाडेकरूच्या नावावर आहे, ती पुसता येत नाही. पाइप सांधता येत नाही, नोंद पुसता येत नाही, माणूस तेवढा काढता येतो."

त्याचा संताप खरा होता. पण बाईंना त्याचा काय उपयोग?

"आणि तुम्ही काय केलंत?" बाई म्हणाल्या. "नोटीसच घेऊन आलात ना? भांडून आला असतात तर आत बसा म्हटलं असतं."

त्यांनी पोचपावतीवर सही केली, कागद त्याच्या हातात ठेवला आणि दार लावून घेतलं. आत मशीन सुरू झालं.

मॅनेजर वळला. शेजारचं दार उघडंच होतं आणि शेजारची सून उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधलेली होती. मागे खिडकीत काचेच्या जागी पुठ्ठा ठोकलेला दिसत होता. त्या खिडकीची चौकट कधीपासून सैल होती.

"काय झालं हाताला?" विचारता विचारता त्याने सवयीने फोन बाहेर काढला. तक्रारी तो त्यावरच नोंदवायचा.

"काही नाही, काका. फोन ठेवा आत."

"काच पडली ना अंगावर? नोंदवायला हवं हे."

तिने डाव्या हाताने दार ओढून घेतलं. चार बोटांची फट तेवढी राहिली.

"पडली नाही, मी फोडली," ती म्हणाली. "लिहायचंच असेल तर तसं लिहा."