तबकडीतल्या मोकळ्या जागा

“ती तबकडी बाहेरच ठेव. तू आत ये,” इस्त्रीवरची नजर न काढता मदर टॉलिव्हर म्हणाल्या.

वाल्डानं आपल्या पहिल्या अल्बमची तबकडी ओसरीतल्या झोपाळ्यावर ठेवली आणि ती आत आली. सगळं मेम्फिस शहर ती तबकडी ऐकत होतं. न्हाव्याच्या दुकानात तीच, मासे तळणाऱ्याकडेही तीच. ऐकली नव्हती ती फक्त आईनं.

चर्चमधल्या मानाच्या बाई म्हणून सारी गल्ली वाल्डाच्या आईला ‘मदर’ म्हणे. उद्या प्रभुभोजनाचा रविवार. त्यासाठी पांढऱ्या झग्याला खळ दिलेली होती आणि उपास म्हणून सकाळपासून मदरच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. लेकीसाठी मात्र मक्याची भाकरी करून झाकून ठेवली होती.

“देवानं दिलेला गळा गुत्त्यात नेलास,” मुलगी चर्चमधलं गाणं सोडून रिदम अँड ब्लूज गायला निघाली तेव्हा त्या एवढंच बोलल्या होत्या. त्यांच्या चर्चमध्ये गाणारीची ओळ संपली की समोरच्यांनी हुंकार द्यायचा, ही रीत. हुंकार नसला तर गाणं म्हणजे एका हाताची टाळी. वाल्डा लहानपणापासून गायली ती पहिल्या बाकावरून येणाऱ्या आईच्या हुंकारावर. ती गेली आणि मदर गप्प झाल्या. बाक तोच होता, पण कुणाच्याही गाण्याला त्यांनी पुन्हा ओठ उघडले नाहीत.

“मदर, लेक आली म्हणे!” कुंपणापलीकडून शेजारची लुव्हेनिया हसत ओरडली. “थांबा, तिचीच लावते! तुमचे कान काही विटाळत नाहीत!”

“खिडकी लाव,” मदर म्हणाल्या.

वाल्डा खिडकीपाशी गेली. तोवर गाणं सुरू झालं होतं. सोडून गेलेल्या माणसाचं गाणं, देवाचं नावही नसलेलं. पहिली ओळ संपली आणि सगळी वाद्यं थांबली. नुसता ढोल हळू चालू राहिला.

“हे काय मधेच? वाजवणारे जेवायला गेले होते वाटतं!” मदर म्हणाल्या.

“त्यांनी वाजवलं होतं, ममा. मी काढायला लावलं. भांडले त्यासाठी.”

“कशाला?”

वाल्डानं खिडकी लावायला हात पुढे केला. वर्तमानपत्रांनी या थांबण्याला नव्या गायिकेची नवी शैली म्हटलं होतं. तिनं कुणालाच खुलासा केला नव्हता.

दुसरी ओळ संपली. पुन्हा तेवढीच जागा. मदरचा हात थांबला. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, झगा बाजूला सारला. वाल्डाचा हात खिडकीवर तसाच राहिला.

तिसरी ओळ संपली.

“हो गं. सांग, लेकी,” मदरच्या तोंडून आलं. शब्द त्या जागेत नेमके बसले, आणि त्यांच्यावर पाय देऊनच जणू पुढची ओळ वर चढली.

मग त्या थांबल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत एकही जागा मोकळी गेली नाही. पलीकडे लुव्हेनियाचं हसणं कधीच बंद झालं होतं.

मदरनी झगा पुन्हा समोर ओढला. कॉलर नीट केली.

“वाल्डा.”

“हं, ममा.”

“पुढच्या वेळी जागा जरा मोठी ठेव. आता मला दम पुरत नाही.”