पांढरी रेघ

"कुणाचा मोबाइल चालू आहे?" ऋजुता रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणकक्षात ओरडली.

पडद्यावर पुन्हा पांढरी रेघ उमटली होती. आकाशगंगांच्या दोन पुंजक्यांना जोडणारा वायूचा अंधूक धागा ती वर्षानुवर्षं शोधत होती. दुर्बीण संध्याकाळपर्यंतच तिच्या वाट्याला होती, आणि मोबाइलच्या लहरींची रेघ नेमकी त्या धाग्यावरच येत होती. ती दातओठ खात पुसायची. थोड्या वेळानं दुसरी हजर!

"सगळ्यांचे फोन बंद आहेत, मॅडम," ऑपरेटर शेवाळे काकुळतीनं म्हणाला.

लहरी हुडकणारं यंत्र घेऊन तिनंच खोली पालथी घातली. यंत्र वाजलं ते तिच्याच पर्सपाशी. सकाळी बाबांना दवाखान्यात भेटून येताना तिनं घाईत फोन बंद केला होता. बंद झाला होता तो फक्त आवाज.

फोन उजळला, तशी पडद्यावर रेघ उमटली. तिनं कानाला लावला.

"बाबा गेले गं, आत्ताच," दादा रडत होता. "सकाळपासून तुलाच फोन लावत होते. तुझा आवाज ऐकायचा होता त्यांना."

पडद्याकडे पाहणाऱ्या शेवाळेनं विचारलं, "मॅडम, हीपण पुसू?"