कोपऱ्यातला माणूस

"काकू, तुमचं यान पुसतोय. लांबून ते दिसतच नाही," शिडीवरून आयोजक म्हणाला.

विज्ञानकथा संमेलनाच्या भिंतीवर सगळ्या लेखकांच्या कल्पनेतली अवकाशयानं एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी काढली होती. कुणाचं अर्धा मैल लांब, कुणाचं अख्ख्या किल्ल्याएवढं. कुमुदताईंचं मात्र एका माणसापुरतं, जेमतेम रिक्षाएवढं.

"नाहीतर लांबी वाढवा ना! कथाच तर आहे. तुमच्या बापाचं काय जातंय?"

ताईंचा पारा चढला. "तसूभरही वाढवणार नाही. खुशाल पूस! पण मग तोही पूस."

त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. यानांचा आकार कळावा म्हणून तिथे नेहमीप्रमाणे एक माणूस काढला होता, नखाएवढा.

"त्याला कशाला?"

"माझ्या यानातून उतरलाय तो."

आयोजक फिसकन हसला. ताईंनी पुढे होऊन त्या माणसावर अंगठा दाबून धरला. "सांग आता, तुमची यानं केवढी आहेत?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. मापाला माणूसच उरला नव्हता. भिंतभर नुसती लाटणी, झारे आणि किसण्या टांगल्या होत्या.