पेंगणारी म्हैस

ओरिआनाचं ते स्टिकर ब्रिसानेच केलं होतं. वर्गात शिंकताना पकडलेला चेहरा, डोळे गच्च मिटलेले, तोंड वाकडं, शाळेच्या पांढऱ्या झग्यावर निळा बो. खाली लिहिलं होतं, 'म्हैस पेंगतेय'. साल्तो शहरातल्या त्या शाळेत सहावीच्या चॅट ग्रुपवर ते दिवसातून वीसदा फिरायचं. ओरिआनाने शाळा सोडली, तरी ते फिरायचं थांबलं नाही.

मंगळवारी ब्रिसाला स्टिकरमधल्या मिटलेल्या पापण्यांखाली पांढरी रेघ दिसली. कुणीतरी खोडी काढली असणार. तिचा संशय वर्गातल्या फाउस्तोवर गेला.

"मी कशाला हात लावू?" तो म्हणाला. "मिटलेलेच तर आहेत डोळे. तुलाच भलतं दिसतंय."

बुधवारी डोळे अर्धे उघडले. तिने एकेकाला खोदून खोदून विचारलं. सगळे फाउस्तोसारखंच बोलले, अगदी त्याच शब्दांत. म्हणजे सगळे एकमेकांना मिळालेले होते.

गुरुवारी दुपारी ती घरी आली. आई काखेत थर्मास धरून नळीने येर्बाचा कडू चहा ओढत होती. "आधी बो सोड गं, मग फोन घे."

ब्रिसाने एका हाताने बो ओढला. तो अर्धवट सुटून लोंबकळला. दुसऱ्या हातातल्या फोनवर स्टिकर उघडलं होतं. डोळे टक्क उघडे होते.

तिने ते मोठं करून पाहिलं. बुबुळात वर्ग दिसायला हवा होता. तिथे हे स्वयंपाकघर होतं, थर्मास घेतलेली आई होती आणि अर्धवट सुटलेल्या बोची एक मुलगी होती.

त्या मुलीचे डोळे गच्च मिटलेले होते, तोंड वाकडं होतं.

ब्रिसाचं नाक हुळहुळायला लागलं.