बारावी जागा

"ज्याचं रक्ताचं कुणी संघात असेल, त्यानं त्या संघाची चर्चा निघाली की उठून बाहेर जायचं," डेल्मरनं नवं कलम वाचून दाखवलं. "आणि मतही द्यायचं नाही."

"आपापल्या कॉलेजपुरतं ठेव की," रॉइस म्हणाला. "रक्ताबिक्ताचं कशाला?"

"माझा पोरगा टेट खेळतोय म्हणूनच घालतोय. उद्या लोक माझ्याकडे बोट दाखवतील. तुला रे कसली धास्ती? तू तर सडाफटिंग."

समितीतले सगळे हसले. रॉइस कॉफी ढवळत राहिला. कलम मंजूर झालं.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा, हातानं चेंडू फेकायच्या त्या खेळाचा, विजेता लोकांच्या मतांवर ठरतो, याचा डेल्मरला जन्माचा राग होता. तरुणपणी त्याचा संघ एकही सामना न हरता घरी बसला होता. आता समितीनं बारा संघ निवडायचे आणि मैदानातच सोक्षमोक्ष लावायचा, ही पद्धत त्यानं जिवाचं रान करून उभी केली होती.

त्याच उन्हाळ्यात त्याची बायको लोर्ना गेली. दफनाच्या वेळी डेल्मरपेक्षा रॉइसच जास्त रडला. दोघांची दोस्ती कॉलेजपासूनची. टेटला चेंडू फेकायला शिकवला तोही रॉइसनंच, आणि पोराचा एक सामना त्यानं कधी चुकवला नाही. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं डेल्मर येईल त्याला सांगे.

लोर्नाशिवाय घर खायला उठायचं. आता त्याला जगात टेटच काय तो उरला होता, आणि टेटचं खेळण्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

डिसेंबरात समिती पहिल्यांदा संघ निवडायला तुलसा शहरातल्या एका हॉटेलात बसली. दुपारपर्यंत अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी दोन संघ राहिले. एक बडं विद्यापीठ, दुसरं टेटचं सीडर फोर्क. लहानसं कॉलेज, पण यंदा अजिंक्य. समितीत सरळ दोन तट पडले होते, एका मताचा प्रश्न होता.

जेवणाच्या सुट्टीत डेल्मरनं रॉइसला बाजूला घेतलं. "मी बाहेर असेन. पोराच्या बाजूनं तू बोल. माझ्यासारखं त्याचं घोडं अडायला नको."

"डेल, माझ्यावर भिस्त ठेवू नकोस."

"मग कुणावर ठेवू?"

रॉइसनं तोंड फिरवलं. तो खिडकीबाहेरचं बर्फ बघत होता.

सुट्टीनंतर अध्यक्षांनी सीडर फोर्कचं नाव घेतलं. डेल्मर मुकाट उठला आणि बाहेर येऊन बाकावर बसला. त्यानं हात गुडघ्यांवर घट्ट दाबले. लोर्ना असती तर तिनं ते धरून ठेवले असते, असं वाटून त्याला भरून आलं.

दार उघडलं. रॉइस बाहेर आला आणि त्यानं दार मागे ओढून घेतलं.

"तू का आलास?" डेल्मर ताडकन उठला. "अरे, आत मतदान चाललंय. तुझ्या एका मतावर पोराचं सगळं अडलंय. जा आत."

रॉइस जागचा हलला नाही.

"नियम तूच लिहिलास, डेल," तो म्हणाला.