हिसका सोसलेला दोर
झाडं तोडणाऱ्याची बायको रोज संध्याकाळी त्याचा चढायचा दोर चिमटीत धरून वीत-वीत तपासायची. “आटप की, दोर आहे, बाळ नाही,” तो कुरकुरायचा. मागच्या आठवड्यात एका जागी तिच्या बोटांना दोर पोकळ लागला, तेव्हा तिनं भांडून नवा घ्यायला लावला. आज त्यानं तोच नवा दोर तिच्यापुढं ठेवला. “याचे तुकडे कर. चुकून कुणी वापरायला नको.” “एवढ्यात झिजला?” “झिजला नाही. पायाखालची फांदी मोडली, यानं मला वरच्यावर झेललं.” पडत्या माणसाचा हिसका सोसलेला दोर पुन्हा भरवशाचा नसतो, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं उचललेली सुरी खाली ठेवली. मग त्याचं मनगट धरून वर वीत-वीत चाचपत गेली. खांद्यापाशी तो कळवळला, तशी ती थांबली. “आटपू?” तिनं विचारलं. “नको,” तो म्हणाला. “नीट बघ. सावकाश.”