आबारावांचा बैल

सकाळी आबारावांचा बैल मेला आणि उन्हं कलताना आबाराव स्वतः चालत वस्तीवर आले. एरवी वेशीच्या या बाजूला त्यांची सावलीही पडत नसे. ज्ञानोबा गोबरगॅसच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसून टाकीकडं बघत होता. गॅस भरला की ती लोखंडी टाकी वर यायची, सरला की खाली बसायची. सध्या ती खालीच चालली होती.

विजेचे खांब वेशीपर्यंत येऊन थांबले, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. वस्तीच्या वाट्याला सरकारी योजनेतून ही टाकी आली. पहिल्यांदा गॅसची बत्ती लागली त्या संध्याकाळी माणसं नुसती एकमेकांची तोंडं बघत बसली होती आणि हसत होती. योजना आखणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, जनावरं कुणाची एवढं विचारायचं राहून गेलं होतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, वस्तीतल्या गाई-म्हशी बाजारात विकल्या गेल्या आणि शेण उरलं ते एका आबारावांच्या गोठ्यात. त्यांच्या जनावरांना कारखान्याकडून उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, मिळायचं. ज्ञानोबा रोज तिथून मिळेल ती शेणाची एखादी पाटी वाहून आणायचा, पण ती टाकीला पुरत नव्हती. आज मात्र गड्यानं त्याला दारातूनच परत लावलं होतं.

आबाराव ज्ञानोबाच्या ओट्यावर टेकले. बोलणं फार गोड. ज्ञानोबाची सून अयोध्या, तिचे दिवस भरलेत का, याची त्यांनी चौकशी केली. ऊसतोडीला गेलेल्या तिच्या नवऱ्याची, मच्छिंद्रचीही केली. मग बैलावर आले. ट्रॅक्टर ढोकीच्या कारखान्यावर अडकलाय, गडी मेल्या जनावराला हात लावत नाहीत आणि बैल तर उन्हात फुगायला लागलाय.

"मी काय जबरदस्ती करत न्हाय, ज्ञानोबा," ते म्हणाले. "तुमी लोकांनी ते काम सोडलंय, ठावं हाय मला. पर शेण बी माझंच हाय न्हवं?"

छप्पन्न साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मेलेली ढोरं ओढायचं चऱ्हाट ज्ञानोबानंच सगळ्यांसमोर जाळलं होतं. तेव्हा तो विशीतला होता. गावानं काम तोडलं, पाणी तोडलं, तरी वस्तीनं पुन्हा कुठल्या मेल्या ढोराला हात लावला नाही. आयुष्यात त्यानं दुसरं काही मोठं केलं नव्हतं, पण ते एक केलं होतं आणि त्याच्या जोरावर तो मान वर करून चालायचा. गावात त्याला ज्ञानोबा म्हणायला लागले तेही त्यानंतरच.

आत अयोध्या सगळं ऐकत होती. गेल्या खेपेला चिमणीच्या उजेडात सुईणीला बाळाच्या गळ्याभोवतीचा नाळेचा वेढा दिसला नव्हता. दिसला तेव्हा बाळ निळं पडलं होतं. पुढच्या खेपेला बत्ती असेल, असा शब्द सासऱ्यानं तेव्हा तिला दिला होता. त्या शब्दासाठी साऱ्या वस्तीनं टाकीतला उरलासुरला गॅस राखून ठेवला होता. बत्त्या बंद होत्या, बाया पुन्हा धुरात स्वयंपाक करत होत्या. तरी जुनं शेण संपत आलेलं, टाकीही कुठं तरी बारीक गळत होती, आणि कुणी वापरत नसताना ती रोज थोडी खाली बसत होती.

ज्ञानोबाची बायको, मथुराबाई, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान नाही म्हणून हलवली.

तिच्या पाठीमागून अयोध्याचा आवाज आला. "मामा, तुमी जाऊ नका. मला अंधार चालंल."

ती हे मनापासून म्हणाली होती, आणि तेच वाईट झालं. ती रडली असती, हट्ट धरून बसली असती, तर ज्ञानोबाला कदाचित नाही म्हणता आलं असतं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"चऱ्हाट तुमचं घ्यावं लागंल," तो आबारावांना म्हणाला. "आमच्यात न्हाय."

"हाय की गोठ्यात," आबाराव उठत म्हणाले. "चल मग, ज्ञान्या."

ज्ञानोबा त्यांच्या मागं निघाला. वस्तीतून त्याच्याच वयाची आणखी दोन माणसं बाहेर आली आणि त्याच्या मागं चालायला लागली. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. त्यांच्याही घरात बत्ती होती.

दिवेलागणीला ज्ञानोबा परतला तेव्हा त्याच्या डोक्यावर शेणानं भरलेली पाटी होती. ती त्यानं खड्ड्यापाशी उतरवली. उद्यापासून पाहिजे तेवढं शेण न्यायला आबारावांनी सांगितलं होतं. मथुराबाईनं टँकरच्या पाण्यातली अर्धी बादली दारात आणून ठेवली आणि ती तिथून बाजूला झाली. त्यानं अंगातली बंडी काढून लांब फेकली, माती लावून हात घासले, पुन्हा घासले, आणि उघड्या अंगानं घरात येऊन भिंतीला टेकला.

शेण आलंय म्हणजे आता गॅस राखायची गरज नव्हती. सासऱ्याला तेवढंच बरं वाटेल म्हणून अयोध्यानं पोट सावरत काडी ओढली आणि बत्तीची चावी पूर्ण फिरवली. कितीतरी दिवसांनी घरात पांढरा उजेड पडला, पार कोपऱ्यापर्यंत. ती हसून सासऱ्याकडं वळली.

त्याच्या खांद्यापासून छातीपर्यंत चऱ्हाटाचा लाल वळ उठला होता. मथुराबाईनंही तो बघितला. कुणालाच तिकडून नजर काढता येईना.

"पोरी," ज्ञानोबा म्हणाला, "बत्ती जरा बारीक कर."